बाराव्या दिवसाच्या दोन पट्ट्या

माझ्याजवळ मेणकागदाच्या दोन पट्ट्या आहेत. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. कागद पिवळा पडून कडक झाला आहे, पण त्यावरची काळी रेघ अजून स्वच्छ दिसते. दोन्ही पट्ट्यांवर उंदराच्या एकाच पिल्लाच्या हृदयाचे ठोके उतरलेले आहेत आणि दोन्हींच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात '१२' लिहिलेले आहे. त्यातला एक आकडा जिथे नको तिथे पडला. त्या आकड्यापायी एक सचोटीचा माणूस लबाड ठरला. चूक माझी होती. ती मला दोन महिन्यांत कळली आणि ती मी आजवर कोणाला सांगितली नाही.

हे धुळ्यातले, सत्तावन्न सालच्या आसपासचे. जळगावला बी. एस्सी. होऊन मी नोकरी शोधत होतो. धुळ्यात एक डॉक्टर होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी हृदयाचा आलेख काढायचे यंत्र आणले होते. गावात त्याची मोठी अपूर्वाई होती. दंडाला पट्टा बांधून घेताना लोक डोळे मिटून रामराम म्हणत, आणि करंट लागला नाही म्हणून बाहेर आल्यावर हसत. डॉक्टरांना मात्र रुग्णांपलीकडचे एक वेड होते. त्यांना बघायचे होते की जन्मलेले पिल्लू मोठे होत जाते तशी त्याच्या हृदयाची रेघ कशी बदलते.

"माणसाच्या मुलाचं हृदय जन्मतः भरभर चालतं आणि वाढत्या वयात मंदावतं," त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितले. "उंदराचं उलट. जन्मतः मंद, आणि पहिल्या काही आठवड्यांत वेग चढत जातो. माणसाचं बघायला वर्षं जातील. उंदीर महिन्यात सगळं दाखवतो."

त्यासाठी त्यांनी मुंबईहून पांढऱ्या उंदरांच्या दोन जोड्या मागवल्या. दवाखान्याची जागा एका मारवाडी जैन शेठची होती. त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली की माझ्या छपराखाली एकही जीव मारायचा नाही. डॉक्टरांनी ती आनंदाने मान्य केली. त्यांना तेच पिल्लू रोज हवे होते, मेलेले नको होते.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही दोघे काम करत होतो. यंत्र आणि नोंदी माझ्याकडे. उंदीर आबांकडे.

आबा शिरपूरच्या बाजूचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातले. साठीला आलेले. आधी कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदार होते. अहिराणीशिवाय दुसरे बोलत नसत आणि बोलत तेही थोडके. पिंजरे धुणे, भुसा बदलणे, भिजवलेले गहू आणि भाकरीचे तुकडे घालणे ही त्यांची कामे. शिवाय पिल्लांच्या खुणा. सगळी पिल्ले सारखीच दिसत, म्हणून शेपटीवर शाईची कडी काढायची. पहिल्याला एक कडे, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आई चाटून चाटून शाई काढून टाकायची, म्हणून आबा रोज सकाळी ती पुन्हा काढत.

आणखी एक काम त्यांनी आपणहून घेतले होते. नवे पिल्लू म्हणजे करंगळीच्या पेराएवढा गुलाबी गोळा. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, पोटातले दूध कातडीतून पांढरे दिसते. आईपासून दूर केले की ते पाच मिनिटांत गार पडते, आणि गार पडले की हृदय मंदावते. थंडीचे दिवस होते. मग आबा ते पिल्लू तळहातावर घेत, वर दुसरा हात झाकत आणि माझी तयारी होईपर्यंत तसेच बसत. मी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बारीक वाती पिल्लाच्या पायांना गुंडाळायचो, त्यांवर चांदीच्या तारा अडकवायचो, यंत्र सुरू करायचो. तापलेली सुई मेणकागदावरून सरकू लागली की आबा श्वास रोखून बघत.

पहिली वीण झाली तेव्हा पाचव्या दिवशी त्यांनी पिंजऱ्यापाशी हळद लावलेले चार तांदूळ ठेवलेले मी पाहिले.

"हे काय आबा?"

"पाचवी शे त्यास्नी," ते म्हणाले. "सटवाई लिखी गयी. आते तुमनं मशीन काय नवं लिखी?"

मी हसलो. डॉक्टरांना सांगितले तेव्हा तेही हसले आणि म्हणाले, "आबांना सांगा, सटवाईचं अक्षर कोणाला वाचता येत नाही. आपलं येतं."

आपले वाचता येत होते, हे खरे. डॉक्टरांनी मला वाचायला शिकवले. जन्माआधी पिल्लाची फुप्फुसे काम करत नसतात, त्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर डावीइतकाच भार असतो. जन्मानंतर सगळ्या अंगाला रक्त पोचवायचे काम डाव्या बाजूवर येते. ती हळूहळू जाड होते. हे रेघेत दिसते. तारांच्या एका जोडणीत सुरुवातीला ठोक्याची मोठी लाट खाली जाते. दिवसागणिक ती उथळ होत जाते, आणि कधीतरी उलटून वर उभी राहते. ती कोणत्या दिवशी उलटते, हे डॉक्टरांना पकडायचे होते. त्यांच्या सगळ्या खटाटोपाचा जीव त्या एका दिवसात होता.

म्हणूनच त्यांनी मला सांगून ठेवले होते की प्रत्येक पट्टीवर तारीख आणि वय दोन्ही लिहायचे. जन्माचा दिवस शून्य धरायचा, दुसरा दिवस एक. पिंजऱ्याला जन्मतारखेचे कार्ड लावलेले असे, ते बघून हिशेब करायचा. मी काही दिवस दोन्ही लिहिले. मग पट्टी अरुंद आहे, तारीख लिहायला जागा होत नाही, असे मीच ठरवले आणि नुसते वय लिहू लागलो. कोणी विचारले नाही.

तिसऱ्या विणीच्या वेळी वडिलांच्या डोळ्यांचे ऑपरेशन निघाले आणि मी काही दिवस जळगावला गेलो. एका सोमवारी दुपारी एस.टी.ने पारोळ्यावरून धुळ्याला परत आलो तो थेट दवाखान्यात. आबांनी पिंजरा धुवायला काढला होता. कार्ड भिजू नये म्हणून कुठेतरी काढून ठेवलेले. मी पिल्ले टोपलीतून घेतली आणि तारा लावता लावता विचारले, "किती दिवसांची झाली हो?"

"आज बारावा दिन शे," आबा पिंजरा घासता घासता म्हणाले. "बठ्ठा खुशाल शेतस."

पिल्ले सगळी खुशाल होती. मी '१२' लिहिले आणि पट्ट्या गुंडाळून डॉक्टरांच्या खणात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कार्ड जागेवर होते. मी तारखा मोजल्या. बारा आले. मी '१२' लिहिले. आदल्या दिवशी काय लिहिले होते ते माझ्या मनातही आले नाही. बुधवारी तेरा, गुरुवारी चौदा. पिल्लांनी डोळे उघडले, आबांनी गूळ वाटला.

आठवड्याने डॉक्टर पट्ट्या वहीत चिकटवायला बसले. त्यांनी मला हाक मारली. समोर दोन पट्ट्या ठेवल्या होत्या. तीन कड्यांचे पिल्लू, बारावा दिवस. एकीत मोठी लाट खाली, दुसरीत वर.

कधी कधी आम्ही एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ अशा दोन पट्ट्या घेत असू. म्हणून त्यांनी विचारले, "दोन्ही बाराव्या दिवसाच्या?"

"हो."

"सकाळी खाली आणि संध्याकाळी वर? काही तासांत उंदराचं हृदय असं उलटत नाही. यातलं एक पिल्लू दुसरं आहे." मग त्यांनी पट्टी उलटसुलट केली. "तारीख कुठाय?"

तो क्षण माझ्या हातात होता. मी म्हणायला हवे होते की तारीख लिहायचे मी सोडून दिले आहे. मी म्हणालो, "वय आबांनी सांगितलं होतं."

हे वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते इतक्या वर्षांत मला सोडत नाही.

डॉक्टरांच्या मनात एक जुनी गोष्ट होती. आधीच्या विणीतले एक पिल्लू आईने खाल्ले होते आणि आबांनी ते दोन दिवस सांगितले नव्हते. डॉक्टरांना वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो, असे त्यांनी नंतर सांगितले होते. डॉक्टरांनी तेव्हा सोडून दिले. आता त्यांनी ते जोडून पाहिले. शेजारच्या पिंजऱ्यात जवळपास त्याच वयाची पिल्ले होती. एखादे मेले असेल आणि आबांनी गुपचूप दुसऱ्याच्या शेपटीवर तीन कडी काढली असतील.

त्यांनी आबांना बोलावले. आवाज चढवला नाही. ते तसे मृदू होते.

"आबा, खरं सांगा. तीन कड्यांचं पिल्लू मेलं का?"

"नही साहेब. जित्तं शे. आते दखाडस."

"तुम्ही दुसरं ठेवलंत त्याच्या जागी?"

आबांना आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा ते माझ्याकडे बघू लागले.

"मी कायले बदलू? रोज हातवर लेस मी त्यास्ले. वळखस मी."

"मग एकाच दिवशी दोन हृदयं कशी?"

चूक कुठे झाली ते मलाही तेव्हा ठाऊक नव्हते. पण आबांची नजर माझ्यावर होती, आणि मी यंत्राची तार गुंडाळत राहिलो.

डॉक्टरांनी त्यांना त्या महिन्याअखेर जायला सांगितले. मला म्हणाले, "माणूस वाईट नाही. पण एक पट्टी खोटी निघाली की बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा?" त्यांनी ती सगळी वीण कामातून वगळली. दोन्ही पट्ट्या केराच्या टोपलीत टाकल्या. त्या मी का उचलून ठेवल्या ते मला सांगता येणार नाही. निघताना आबांनी नव्या पिल्लांच्या शेपटीवर शाई काढली, दौत झाकली आणि मला म्हणाले, "थंडी शे भाऊ. हातमां धरीस्नी मंग तार लाव." तेवढेच.

पुढे दोनेक महिन्यांनी जळगावहून बहिणीचे कार्ड आले. मंगळवारी मुलगा झाला, बाराव्या दिवशी बारसे, मामा नक्की ये. मी मंगळवार शून्य धरून बोटांवर मोजले. बारावा दिवस रविवारी येत होता. रविवारी सकाळच्या एस.टी.ने झबले, टोपडे आणि पेढे घेऊन पोचलो. दारात तोरण सुकलेले होते. पाळणा भिंतीशी सरकवून ठेवला होता. आत बायका उरलेल्या घुगऱ्या वाटून घेत होत्या.

"आला का मामा?" बहीण म्हणाली. "भाच्याला नाव मिळालं काल. तू आता मुंजीलाच ये थेट."

"काल कसं? बारावा आज आहे."

आई तिथेच बसली होती. तिने बोटांची पेरी मोजली. "मंगळवार एक, बुधवार दोन..." शनिवारी बारा आले. "जन्माचा दिवस तू धरलाच नाहीस. त्या दिवशी काय जन्मला नव्हता तो? एवढा शिकलास आणि बारावा मोजता येईना."

सगळ्या हसल्या. मीही हसलो असेन. असल्या दिवसांची मोजणी घरात बायका आणि वडीलधारी माणसे करतात, मला कधी करावी लागली नव्हती. मग एकेक आठवू लागले. आबांची पाचवी, हळदीचे तांदूळ, पिंजरा घासता घासता सांगितलेला बारावा दिन. आबा पाचवी आणि बारसे मोजतात तसे मोजत होते. जन्मदिवस एक. त्यांचा बारावा दिवस डॉक्टरांच्या हिशेबाने अकरावा होता. सोमवारची पट्टी अकराची, मंगळवारची बाराची. पिल्लू एकच होते. सोमवारी लाट खाली होती आणि मंगळवारी ती उलटून वर आली. डॉक्टर ज्या दिवसासाठी एवढे झटत होते तो दिवस त्या पट्ट्यांत पकडला गेला होता, आणि आम्ही तो केरात टाकला होता.

मी परतीच्या एस.टी.त ठरवले की उद्या सकाळी डॉक्टरांना सगळे सांगायचे. सकाळी गेलो तर ते खुशीत होते. त्यांनी माझ्यासाठी जळगावच्या एका कॉलेजातल्या प्रात्यक्षिक-शिक्षकाच्या जागेकरता शिफारसपत्र लिहून ठेवले होते. मला वाचायला दिले. त्यात होते की हा तरुण नोंदी ठेवण्यात अत्यंत काटेकोर आहे.

मी पत्राची घडी घातली आणि आभार मानले.

ती नोकरी मला मिळाली. त्या नोकरीवर माझे सगळे आयुष्य उभे राहिले. वर्गात मी मुलांना शिकवत असे की निरीक्षणावर तारीख नसेल तर ते निरीक्षण नव्हे. मुले ते वाक्य लिहून घेत.

साठ साली उन्हाळ्यात मी शिरपूरला एका सहकाऱ्याच्या लग्नाला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडीने आबांच्या गावी. यावेळी सांगायचेच असे ठरवून गेलो होतो. आबा ओट्यावर बसले होते. मला पाहून उठले, हात धरला, घरात चहा ठेवायला सांगितले. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "तीन कडीवाला मोठा व्हयना का?"

"झाला," मी म्हणालो. "चांगला दांडगा झाला."

त्यांनी मान हलवली. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात शेजारची एक म्हातारी ओट्यापाशी आली. तिच्या नातीला दोन दिवसांपूर्वी मुलगा झाला होता. बारसे कोणत्या वारी येते ते विचारायला आली होती. दिवस मोजायचे झाले की त्या गल्लीतली माणसे पूर्वीपासून आबांकडेच येत. बारसे असो, सुतक असो की दहावा, आबांचा वार चुकत नसे. हे मला त्या दिवशी कळले.

समोरच्या ओट्यावर चारसहा पुरुष विड्या ओढत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "आबाले इचारू नको माय. तो पोऱ्या बदली दी."

म्हणजे हा पोरगाच बदलून देईल. हशा पिकला. म्हातारीही पदर तोंडाला लावून हसली. तो विनोद जुना झालेला दिसत होता. सगळ्यांना तो पाठ होता. धुळ्याला आबांनी साहेबाचा उंदीर बदलला, ही गोष्ट माझ्याआधी कधीच गावात पोचली होती.

आबांनी त्या माणसाकडे पाहिले नाही. बोटांवर मोजून म्हातारीला वार सांगितला. ती गेली. जाताना तिने समोरच्यांनाही विचारले, "शुक्कर बराबर शे ना रे?"

मी त्या ओट्यावर बसलो होतो. तिथे उभे राहून चार वाक्ये बोललो असतो तर पुरे होते. आबांनी बरोबर मोजले होते, मी चुकलो. हे त्या चारसहा जणांना लगेच कळले असते, कारण तेही तसेच मोजत होते. धुळ्याच्या डॉक्टरांना समजवायला जे अवघड गेले असते ते त्या ओट्यावर एका दमात समजले असते. मी चहा बशीत ओतला आणि प्यायलो.

थोड्या वेळाने आबा हळूच म्हणाले, "मी बदलं नही व्हतं, भाऊ."

"माहीत आहे मला, आबा."

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांना वाटले मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो आहे, त्यांचे समाधान करतो आहे. मला कसे माहीत, हे त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही. गाडीत बसताना त्यांनी माझ्या पिशवीत घरच्या शेंगा घातल्या.

पुढच्या वर्षी आबा गेल्याचे कळले. डॉक्टर त्यानंतर बरीच वर्षे होते. एकदा जुन्या गोष्टी निघाल्या तेव्हा ते म्हणाले, "तो आबा भला माणूस होता. एकदाच घसरला." त्यांनाही मी काही बोललो नाही. तेव्हा तर माझे काही बिघडणार नव्हते. फक्त मला त्यांच्यासमोर लहान व्हावे लागले असते.

माझ्या बायकोला वाटते की आता हे लिहून कोणाचे काय भले होणार. तिचे बरोबर असेल. पण खेड्यात विनोद माणसापेक्षा जास्त जगतो. शिरपूरच्या वरच्या अंगाला एक गाव असेल, तिथे एका घराला अजून उंदीरबदले म्हणत असतील, आणि का म्हणतात ते म्हणणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. मी नाव लिहीत नाही. एवढ्या खुणेवर ज्यांना कळायचे त्यांना कळेल. त्यांनी हे त्या ओट्यावर वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे.

काल मी त्या दोन पट्ट्या टेबलावर घेतल्या. तारखा मला आता आठवत नाहीत, वार आठवतात. पहिलीवर लिहिले, सोमवार, अकरावा दिवस, लाट खाली. दुसरीवर, मंगळवार, बारावा दिवस, लाट वर, पिल्लू तेच. मग पहिली पट्टी पुन्हा उचलली. तिच्यावरचा जुना बारा मी खोडला नाही. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिले, आबांच्या मोजणीने. बरोबर.